चाळीच्या खोलीतली अतिवास्तव आत्मचित्रे : मी माझ्याच घरात चिकटवल्यासारखी का दिसते?

गॅलरीतली

नमस्कार मंडळी.

मी गिरगावातील एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते, फोर्टमधील एका कचेरीत हिशेबाचे काम करते आणि गेली दीड वर्षे रविवारी सकाळी, घरातली कामे अंगावर येण्याआधीचे दोन तास, स्वतःची छायाचित्रे काढण्यात घालवते. ही सेल्फी नव्हेत. खोली, मोरी, गॅलरी, पाण्याची वेळ, आईची लुगडी अशा रोजच्या गोष्टींमध्ये स्वप्नात घडावी तशी एखादी अशक्य गोष्ट घडलेली दाखवायची आणि त्या गोष्टीत मी स्वतः असायचे, असा माझा प्रयत्न असतो. मॉडेल म्हणून मला मीच परवडते. शिवाय सकाळी साडेसहाला माझ्या सांगण्यावरून स्टुलावर उताणे पडायला दुसरे कोणी तयार होईल असे वाटत नाही.

आतापर्यंत तीन चित्रे हाती घेतली आहेत. पहिल्यात गॅलरीतल्या नळावर पाण्यासाठी रांग लागली आहे आणि रांगेतल्या पाचही बायका मीच आहे. एकीच्या हातात कळशी, एकीच्या हातात बादली, शेवटची नुसतीच कठड्याला टेकून उभी आहे. हे चित्र त्यातल्या त्यात जमले; मात्र पाच ठिकाणी भिंतीचा रंग पाच प्रकारचा आला. आमच्या भिंतीला निळा ऑइल पेंट आहे, तो एका ठिकाणी हिरवट आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ राखाडी दिसतो, आणि दोन-तीन ठिकाणी भिंतीवर आडवे फिकट पट्टेही उमटले आहेत. गॅलरीत दिवसासुद्धा ट्यूब लावावी लागते, त्यामुळे तसे झाले असेल का?

दुसरे चित्र माझ्या मनात सर्वांत जास्त घर करून आहे. मोरीच्या नळातून पाण्याऐवजी आईचे हिरवे इरकली लुगडे वाहते आहे, ते खाली तांब्याच्या घंगाळात पडते आहे आणि त्या घंगाळाच्या वर, जमिनीपासून दोन हातांवर, मी हवेत आडवी तरंगते आहे. लुगडे नळाला सुतळीने बांधून खरेच सोडले होते आणि तो भाग चांगला आला. मी स्टुलावर पडून वेगळे छायाचित्र काढले, पार्श्वभूमी काढून टाकणाऱ्या एका ॲपमधून स्वतःला कापून घेतले आणि खोलीच्या छायाचित्रावर आणून ठेवले. परिणाम असा झाला की लुगडे खरे वाटते, घंगाळ खरे वाटते आणि मी तेवढी लग्नाच्या बॅनरवरच्या पाहुण्यासारखी चिकटवलेली दिसते. केसांभोवती पांढरी किनार आली आहे. ती घासून घासून कमी केली, तरी बाई काही तरंगेना.

तिसऱ्या चित्राची अजून तयारीच चालू आहे. त्यात खोलीचे दार उघडल्यावर गॅलरीऐवजी थेट समुद्र दिसावा आणि मी उंबरठ्यावर पाठमोरी उभी असावी, अशी कल्पना आहे. समुद्राचे छायाचित्र मरीन ड्राइव्हला टेट्रापॉडवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, उतरून घ्यावे असा विचार आहे.

साधने सांगायची तर एक साधा फोन, भाच्याने वापरून टाकून दिलेला जुना डीएसएलआर आणि त्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स, एक डगमगता ट्रायपॉड, आणि जुन्या लॅपटॉपवर गिंप नावाचे छायाचित्रे संपादित करायचे सॉफ्टवेअर. (आमच्याकडे आता पिंप आणि गिंप दोन्ही आहेत आणि दोन्ही फुकटात मिळालेले आहेत.) आतापर्यंतचे सर्व काम मी फोनवरच केले, कारण डीएसएलआरची मला थोडी भीती वाटते.

शेवटची एक गोष्ट विचारू की नको, असे झाले होते. छायाचित्रणाच्या एका मंडळात मी ही चित्रे नेली असता तिथल्या एका ज्येष्ठ सभासदांनी ती चाळून परत दिली आणि "ही हस्तकला आहे, छायाचित्रण नव्हे" असे सांगितले. त्यांच्याशी वाद घालण्याइतका माझा अभ्यास नाही. आपल्यापैकी कोणाचा असल्यास ऐकायला आवडेल.

अर्धछाया

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे. तुम्ही स्वतःला कापून घेतले, हीच सगळी अडचण आहे. ॲपने कापले काय किंवा तुम्ही तीन तास बसून कात्रीसारखा ब्रश फिरवला काय, कापलेल्या माणसाची कड शेवटी कापलेलीच दिसते, आणि केसांच्या बाबतीत तर ती लपवणे जवळजवळ अशक्य असते, कारण बटांच्या मधून दिसणारी भिंत ही मूळ छायाचित्रातली असते आणि मागची भिंत दुसऱ्या छायाचित्रातली.

तेव्हा कापू नका. स्वतःबरोबर आपल्या भोवतीची हातभर भिंतही येऊ द्या. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा, ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला विटेची पिशवी टांगा आणि तो जागचा केसभरही न हलवता दोन छायाचित्रे घ्या. पहिले रिकाम्या खोलीचे, ज्यात नळ, लुगडे, घंगाळ सगळे आहे पण तुम्हीही नाही आणि स्टूलही नाही. दुसरे तुम्ही स्टुलावर आडव्या असलेले. गिंपमध्ये रिकामी खोली खाली ठेवा, तुमचा थर वर ठेवा, वरच्या थराला लेयर मास्क लावा आणि जिथे स्टूल दिसते तेवढ्याच भागावर काळ्या रंगाने ब्रश फिरवा. तेवढा थर पारदर्शक होऊन खालची रिकामी फरशी दिसू लागेल आणि स्टूल नाहीसे होईल. केसांना हातही लावावा लागणार नाही, कारण केसांमागची भिंत दोन्ही थरांत एकच आहे. नाजूक हाताने रंगवावी लागेल अशी कड फक्त तुमची पाठ स्टुलाला टेकते तिथे, वीतभर. पाच बायकांच्या रांगेसाठीही हीच रीत आहे; प्रत्येकीभोवती ढोबळ, मऊ ब्रशने मास्क रंगवला तरी सांधा दिसत नाही, फक्त एकीची सावली दुसरीच्या अंगावर पडणार नाही इतके अंतर राखावे लागते.

मात्र हे जमण्यासाठी भिंत प्रत्येक छायाचित्रात खरोखर एकसारखी यायला हवी, आणि तिथेच फोन दगा देतो. आजचे फोन एका क्लिकमध्ये अनेक छायाचित्रे घेऊन त्यांचे मिश्रण करतात आणि कोणता भाग किती उजळ करायचा ते समोर काय आहे ते पाहून दर वेळी नव्याने ठरवतात. तुम्ही पांढरे नेसून भिंतीपुढे उभ्या राहिलात की भिंतीचा निळा बदलतो, बाजूला झालात की पुन्हा बदलतो. तुमच्या पाच निळ्या भिंतींचे मूळ बहुधा हेच आहे. फोनवरच करायचे असेल तर प्रो मोडमध्ये जाऊन आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), शटर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) चारही स्वतः ठरवून द्या. पण माझे मत विचाराल तर भाच्याचा डीएसएलआर काढा. त्यावर मॅन्युअल मोड, मॅन्युअल फोकस, ठरावीक व्हाइट बॅलन्स आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने फेरफार न केलेली) एवढे केले की त्याला स्वतःचे डोके चालवायला जागा उरत नाही, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे.

आडव्या पट्ट्यांबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे साधी चोक असलेली ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवला तर प्रत्येक छायाचित्रात पूर्ण चढउतार मावतात आणि पट्टे येत नाहीत. १/२५० ठेवला की ते हमखास येतात. शक्य असेल तर ट्यूब बंदच करा. पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळी गॅलरीतून येणारा उजेड मऊ असतो आणि अर्धा तास फारसा बदलत नाही, तो स्वतःची अनेक रूपे जोडणाऱ्याला सोन्यासारखा. ऑक्टोबरात कवडसा दर पाच मिनिटांनी सरकतो आणि पाचवी बाई वेगळ्याच वेळी पाण्याला आल्यासारखी दिसते.

आता तरंगण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सांधा लपला तरी बाई तरंगतेच असे नाही. आपण चित्रात एकच खोटे बोलत असतो, ते म्हणजे हिला आधार नाही. हे खोटे पचावे म्हणून बाकीचे सगळे खरे असावे लागते. स्टुलावर पडलेल्या माणसाचे कपडे पाठीखाली चपटे होतात, केस स्टुलाच्या कडेवर अडकतात, मान ताठ राहते आणि पोटऱ्या आपोआप आखडतात. पाहणाऱ्याला स्टूल दिसत नसले तरी हे सगळे दिसते. म्हणून स्टूल लहान घ्या, एका वीतभर रुंदीचे, आणि ते फक्त कंबरेखाली असू द्या, म्हणजे डोके आणि पाय खरोखरच अधांतरी राहतील. ही अवस्था दहा सेकंदांपेक्षा जास्त सहन होत नाही, तेव्हा टायमरऐवजी साधा रिमोट घ्या. त्यानंतर स्टूल थोडे सरकवून फक्त केस मोकळे खाली लोंबत असलेले एक छायाचित्र घ्या. पदर खाली सुटलेला असेल असे आणखी एक घ्या. तो कोणीतरी वरून चिमटीत धरला तरी चालेल, धरणाऱ्याचा हात मास्कमध्ये जाईल. कॅमेरा जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास ठेवा. वरून घेतलेल्या छायाचित्रात तुम्ही आणि फरशी यांच्यातली पोकळी दिसतच नाही.

सावलीही विसरू नका. स्टूल पुसताना त्याची सावली पुसली जाते आणि तिच्याबरोबर तुमचीही जाते. खालच्या फरशीवर मल्टिप्लाय मोडचा (खालचा रंग गडद करणारा) एक नवा थर घेऊन, अतिशय मऊ आणि मोठ्या ब्रशने, दहा टक्क्यांच्या आसपासच्या अपारदर्शकतेने हळूहळू सावली भरा. रंग काळा घेऊ नका, फरशीच्याच सर्वांत गडद कोपऱ्यातून उचला. जमिनीला टेकलेल्या वस्तूची सावली तिच्याजवळ कडक असते. तरंगणाऱ्या वस्तूची तिच्यापासून सुटलेली आणि पसरट असते. आणि शेजारी एवढे हिरवे लुगडे वाहत असेल तर त्याची हिरवी झाक तुमच्या दंडाच्या आतल्या बाजूवर पडायला हवी. तुम्ही लुगडे जागेवर ठेवूनच स्वतःचे छायाचित्र घेतलेत तर ती फुकटात मिळेल. वेगळे घेतलेत तर रंगवावी लागेल आणि बहुतेक वेळा ती ओळखू येते.

जुना निगेटिव्ह

ताई, तुमच्या त्या ज्येष्ठ सभासदांना माझा नमस्कार सांगा आणि एवढेच विचारा की छायाचित्रणात खोटेपणा नेमका केव्हा शिरला असे त्यांना वाटते.

मी लालबागच्या एका स्टुडिओत सत्तावीस वर्षे रिटचिंग आणि छपाई केली. आमच्याकडे 'डबल रोल'चा फोटो हा दर पत्रकात छापलेला प्रकार होता. लेन्सपुढे पुठ्ठ्याची एक खोकी बसवलेली असे आणि तिच्या तोंडाला सरकती झडप. झडप उजवीकडे सरकवली की काचेचा अर्धा भाग झाकला जाई. गिऱ्हाइकाला डावीकडे बसवून एक एक्स्पोजर द्यायचे, मग झडप उलट बाजूला सरकवायची, त्याला कपडे बदलून उजवीकडे उभे करायचे आणि त्याच निगेटिव्हवर दुसरे एक्स्पोजर. गिऱ्हाईक स्वतःलाच चहा देत असे. दोन्ही वेळा दिवे, अंतर आणि वेळ तेच ठेवले तर सांधा मिळून जाई. मधल्या काळात पोऱ्याने दिवा हातभर सरकवला की चित्राच्या मधोमध एक धुरकट रेघ उभी राही आणि मालक आमच्या नावाने शंख करीत. अर्धछाया यांनी 'चारही गोष्टी स्वतः ठरवून द्या' असे जे लिहिले आहे, ते आम्हाला त्या रेघेने शिकवले. मास्क हा शब्दही आमच्याकडे तेव्हापासून होता, फक्त तो काळ्या कागदाचा असे आणि घामाने वाकडा होई.

आता जुने दाखले हवे असतील तर घ्या. इप्पोलीत बायार नावाच्या फ्रेंच माणसाने कागदावर थेट पॉझिटिव्ह मिळवण्याची स्वतःची पद्धत शोधली होती, पण सरकारचा सन्मान आणि पैसा गेला छायाचित्रणाची दुसरी पद्धत शोधणाऱ्या दागेर यांच्या पदरात. तेव्हा त्याने १८४० साली स्वतःचेच छायाचित्र काढले, बुडून मेलेल्या माणसाचे. अंगावर कापड, डोळे मिटलेले, भिंतीला रेललेला. मागच्या बाजूला त्याने लिहून ठेवले की सरकारने दागेर यांना इतके दिले आणि बायारसाठी काही करता येत नाही म्हटले, म्हणून बिचाऱ्याने जीव दिला. हात आणि तोंड उन्हाने रापलेले असल्याने बाकीच्या अंगापेक्षा काळे दिसत होते, त्याचाही त्याने उपयोग करून घेतला आणि हे कुजायला लागल्याची थट्टा केली. दागेर यांची पद्धत जाहीर होऊन जेमतेम वर्ष झाले होते. म्हणजे छायाचित्रण चालायला लागले नाही तोच एक मनुष्य त्यात स्वतःला मारून मोकळा झाला होता, आणि तेही तक्रार म्हणून.

आपल्या शहरात १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, इंग्लंडात ऑस्कर रेलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भलेमोठे चित्र छापले आणि ते मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडले. त्यावरही तेव्हाच्या ज्येष्ठांनी हे छायाचित्रण नव्हे असे म्हटलेच. पण एक प्रत राणी व्हिक्टोरियाने आपल्या नवऱ्यासाठी विकत घेतली. याच रेलँडर यांनी सुमारे १८७१ मध्ये स्वतःची दोन रूपे एका चित्रात आणली, एक चित्रकाराचे आणि दुसरे स्वयंसेवक सैनिकाचे, आणि पहिला दुसऱ्याची ओळख करून देतो आहे असे दाखवले. तुमच्या पाच बायकांचे हे आजोबाच म्हणायचे. अमेरिकेत जेरी उल्समन हे छायाचित्रकार डार्करूममध्ये ओळीने अनेक एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उमटवणारी यंत्रे) मांडून, प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह ठेवून, एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत अशी चित्रे छापत, जी पाहून आजही लोक विचारतात की हे कोणत्या सॉफ्टवेअरवर केले. फोटोशॉप १९९० साली आले आणि त्यात थरांची सोय १९९४ साली झाली. उल्समन यांचे काम त्याच्या तीस वर्षे आधी सुरू झालेले होते.

त्यामुळे हस्तकला म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. आम्ही ब्रोमाइडच्या छपाई-कागदावर पेन्सिलीने लोकांच्या देवीच्या खुणा पुसल्या, तेव्हा कोणी आम्हाला मंडळातून काढले नाही.

गॅलरीतली

काका, त्या धुरकट रेघेबद्दल वाचून मला माझ्या पाच भिंतींचे वाईट वाटेनासे झाले. अर्धछाया, तुमच्या सूचना छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत. समुद्राच्या दाराबद्दल कोणी काही सांगेल का? येत्या रविवारी सकाळी लवकर मरीन ड्राइव्हला जाण्याचा विचार आहे, कारण तेव्हा गर्दी नसते.

खारा वारा

सकाळी गेलात तर चित्र फसेल. कारण सांगतो. तुमच्या चित्रात खोली आतून दिसते, दार उघडे आहे आणि उजेड दारातून आत येतो आहे. म्हणजे उजेडाचा उगम समुद्राच्या बाजूला आहे. मुंबईचा हा समुद्र पश्चिमेला. सकाळी त्याच्याकडे तोंड करून उभे राहिलात तर सूर्य तुमच्या पाठीशी असतो, पाणी समोरून उजळलेले, सपाट आणि मातकट दिसते. असा समुद्र दारात बसवला तर खोलीत उजेड कुठून येतो आहे हे पाहणाऱ्याला सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकले आहे हे मात्र तो लगेच ओळखेल. संध्याकाळी साडेपाचनंतर जा. तेव्हा सूर्य पाण्याच्या बाजूला असतो, लाटांची पाठ काळी आणि माथा चकाकता दिसतो, आणि तुमचे दारातले पाठमोरे रूप त्यावर आपोआप बसते. रंग फार पिवळा वाटला तर व्हाइट बॅलन्स थोडा थंड करा किंवा खोलीच उबदार करा.

दुसरी गोष्ट क्षितिजाची. समुद्राचे क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. खोलीत तुम्ही कॅमेरा जमिनीपासून तीन फुटांवर ठेवला असेल तर तीन फुटांची जी जी वस्तू त्या चित्रात आहे, तिच्या माथ्यावरून क्षितिज गेले पाहिजे, म्हणजे उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तुमच्या कमरेजवळून. ते खांद्यावर चढवलेत तर तुम्ही बसक्या वाटाल आणि पावलांपाशी उतरवलेत तर समुद्र खाली दरीत असल्यासारखा दिसेल. बहुतेक जण समुद्र दारात सुंदर दिसेल तिथे बसवतात आणि मग रंगांत दोष शोधत राहतात. दाराच्या चौकटीवर तीन फुटांवर खडूने खूण करून ठेवा. नंतर पुसता येते. समुद्रावरही कॅमेरा आडवाच धरा, खाली वाकवू नका, आणि लेन्सचे झूम दोन्ही ठिकाणी एकाच आकड्यावर ठेवा.

गिरगाव चौपाटीवरून घेऊ नका, समोर मलबार हिल येते आणि दारात अर्धे क्षितिज इमारतींनी भरते. मरीन ड्राइव्हचा दक्षिणेकडचा भाग किंवा जुहू चांगले. आणि टेट्रापॉडवर कृपा करून उतरू नका. ते शेवाळाने निसरडे असतात, आणि पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे जे इशारे महापालिका देते ते उगीच देत नाही. कठड्याच्या अलीकडूनही समुद्र तेवढाच समुद्र दिसतो. घरी आल्यावर लेन्स कोरड्या फडक्याने पुसून सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. खाऱ्या दमट हवेत राहिलेल्या जुन्या लेन्सला आतून बुरशी धरते, मग दारात समुद्राऐवजी कोळ्याची जाळी दिसेल.

कात्री आणि डिंक

वरच्या सर्व सूचना अचूक आहेत, तरीही एक वेगळा सूर लावते. सांधा लपलाच पाहिजे, हे सर्वांनी न बोलता गृहीत धरलेले दिसते.

राजस्थानातल्या नाथद्वाऱ्यात यात्रेकरूंसाठी मनोरथाची चित्रे करीत, त्यात श्रीनाथजी आणि देऊळ रंगवलेले असे आणि भक्तांचे चेहरे छायाचित्रातून कापून चिकटवलेले. सांधा उघड दिसे, आणि घरी नेऊन पूजा करणाऱ्याला त्याचे काहीच वाटत नसे, कारण आपण तिथे होतो एवढेच त्याला हवे होते. चित्रकार विवान सुंदरम यांनी आपले आजोबा उमराव सिंग शेरगिल यांनी अनेक वर्षे काढलेली घरातल्यांची आणि स्वतःची छायाचित्रे घेऊन, २००१च्या सुमारास संगणकावर त्यांची नवी जुळणी केली. त्यात वेगवेगळ्या काळांतली माणसे एका खोलीत येतात, आरसे आणि चौकटी एकमेकींत शिरतात, आणि ती माणसे एकत्र कधीच नव्हती हे कळते म्हणूनच ते चित्र मनाला लागते. कलाकार पुष्पमाला एन. यांनी तर १९९६ ते १९९८ या काळात याच मुंबईत, जुन्या हिंदी सिनेमाच्या थाटात, स्वतः मुखवटा घालून एक चित्रमालिका केली. शटर दुसऱ्या छायाचित्रकार दाबत होत्या, तरी त्या मालिकेतली बाई कोण हा प्रश्न पुष्पमाला यांचाच राहतो. तिथे संपादनाची करामत नाही. वेश, जागा आणि अंगविक्षेप यांवरच सगळे उभे आहे.

माझे म्हणणे इतकेच की तुमची पाच बायकांची रांग निर्दोष झाली तर पाहणारा 'कसे केले?' असे विचारून पुढे जाईल. त्या पाच निळ्या भिंती मला, खरे सांगायचे तर, आवडल्या. पाच जणी पाच वेगळ्या दिवशी पाण्याला आलेल्या आहेत, असे मी वाचले. तरंगणारे चित्र मात्र निर्दोषच हवे, तिथे अर्धछाया यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

अर्धछाया

भिंतींबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य, पण तो निवडीने आलेला असावा. आत्ता तो फोनच्या लहरीने आलेला आहे. पाचही भिंती आधी एकसारख्या करता आल्या, की मग हव्या तेवढ्या वेगळ्या करता येतील.

गॅलरीतली

तीन रविवार गेले, म्हणून कळवते.

रांगेचे चित्र आहे तसेच ठेवले आहे. पाच निळ्या भिंतींसकट. पट्टे तेवढे काढले. समुद्र संध्याकाळी, कठड्याच्या अलीकडून घेऊन आले. दाराच्या चौकटीवर खडूची खूण केली, ती पाहून समोरच्या आजींनी विचारले की ही कोणाची उंची मोजून ठेवली आहेस. क्षितिज कमरेला आले आणि खरोखर समुद्र दाराशी येऊन थांबला. खोलीतल्या उजेडाचा रंग अजून जुळवते आहे.

तरंगणाऱ्या चित्रासाठी डीएसएलआर वापरला, मधल्या दांड्याला विटेऐवजी दोन किलो तांदळाची पिशवी टांगली. पाठीखाली आईचा देवपूजेचा चौरंग घ्यायचा मोह झाला होता, तो आवरून लहान स्टूल घेतले. एकूण चौतीस छायाचित्रे झाली, त्यांतली चार वापरली: रिकामी खोली, मी, केस आणि पदर. पदर शेजारच्या वहिनींनी धरला. त्यांच्या बांगड्या एका कोपऱ्यात राहून गेल्या होत्या, त्या नंतर सापडल्या. केसांना मास्क लावावाच लागला नाही, ही गोष्ट मला अजून जादूसारखी वाटते. लुगड्याची हिरवी झाक दंडावर आली आहे, मी काही केले नाही. सावलीला मात्र दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्यांदा ती इतकी गडद झाली की फरशीवर तेल सांडल्यासारखे दिसत होते.

आता बाई तरंगते. मी चित्र लॅपटॉपवर उघडून ठेवले होते, तेव्हा वहिनींचा मुलगा आला. सात वर्षांचा आहे. त्याने ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "काकू, घंगाळात तू का दिसत नाहीस?"

घंगाळ मी अर्धे पाण्याने भरले होते. रिकाम्या खोलीच्या छायाचित्रात त्यात लुगडे आणि छत दिसते. मी नाही. माझाच थर उलटा करून त्यात बसवून पाहिला, पण तो मला दिसते तशी पोटाकडची बाजू दाखवतो आणि काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

अर्धछाया

मुलाला माझ्याकडून चॉकलेट द्या.

उलटा करून चालणार नाही, तुमची शंका बरोबर आहे. पाण्यात दिसते ते खालून पाहिलेले रूप असते. कॅमेरा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच पाण्याखाली असता तर त्याला जे दिसले असते ते. म्हणजे घंगाळात तुमची पाठ, केसांची खालची टोके आणि दुर्दैवाने स्टुलाची बैठक दिसेल. तेव्हा तुम्ही स्टुलावर असतानाचे घंगाळ घ्या आणि शटर दाबण्याच्या क्षणी पाणी किंचित हलते असू द्या. नळाला बांधलेल्या लुगड्याचे टोक वहिनींनी हलकेच ओढले तरी पुरे. हललेल्या पाण्यात स्टूल ओळखू येणार नाही, तुमचे पांढरे आणि लुगड्याचे हिरवे तेवढे तुटक दिसेल. शटर १/५० वर ठेवलात तर लाट थोडी पुसट होईल, तेही चांगलेच.

आणि घंगाळ अर्धे नको, काठोकाठ भरा. दोन फुटांवरच्या कॅमेऱ्याला अर्ध्या घंगाळातले पाणी फारसे दिसतच नाही.

गॅलरीतली

काठोकाठ म्हणजे पाणी यायच्या वेळेलाच उठावे लागेल. पहाटे पाचचा गजर लावते.